कचऱ्यात गेलेल्या १८३ नळ्यांबद्दल

प्रति,
मा. अध्यक्ष, मा. सचिव व व्यवस्थापन मंडळाचे सर्व सभासद
(संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना लिहिलं आहे त्यांना कळेल.)
सोलापूर

विषय : सूक्ष्मजीवशास्त्र विभागातला बुरशींचा संग्रह व आवारातली वनौषधी बाग हटवल्याबाबत

महोदय,

मी आपल्या महाविद्यालयात २९ वर्षं प्रयोगशाळा सहाय्यक होते. प्लेटा ओतायच्या, ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) लावायचा, काचसामान धुवायचं, कोणती नळी कोणत्या रॅकमध्ये आहे ते डोक्यात ठेवायचं, हे माझं काम. २०२२ साली निवृत्त झाले तेव्हा आपण शाल-श्रीफळ दिलंत आणि मला 'विभागाचा कणा' म्हणालात. त्याच नात्याने लिहिते आहे. आधी साधा अर्ज दिला होता. त्याची पोच मिळाली, उत्तर आलं नाही. म्हणून आता उघड लिहावं लागतंय.

मे महिन्याच्या सुट्टीत, मूल्यांकन समिती येणार म्हणून, आवारात साफसफाई निघाली. विभागाच्या मागच्या खोलीतला जुना फ्रीज रिकामा केला गेला. त्याच आठवड्यात वनौषधी बागेवर जेसीबी फिरला; तिथे आता दुचाकींसाठी पेव्हर ब्लॉक बसताहेत. आमच्या संग्रहात जिवंत बुरशींच्या २०४ नळ्या होत्या. त्यातल्या १८३ घंटागाडीत गेल्या. २१ वाचल्या, त्याही कोणी वाचवल्या म्हणून नव्हे. आमचा फ्रीज एकदा बंद पडला होता तेव्हा बिस्किटाच्या डब्यात घालून शेजारी रसायनशास्त्राच्या फ्रीजमध्ये ठेवलेल्या, तिथेच राहून गेल्या होत्या.

मी चौकशीला आले तेव्हा कार्यालयातून उत्तर मिळालं, ''मॅडम, सगळ्याला बुरशी लागली होती हो.''

साहेब, ती लागली नव्हती. आम्ही लावली होती. दहा वर्षं लावत होतो.

त्या नळ्यांत काय होतं ते सांगते, कारण निर्णय घेणाऱ्यांपैकी कोणी विचारलेलं नाही. कडुनिंबाचं एखादं निरोगी, डाग नसलेलं पान घ्या. नळाखाली धुवा. मग मिनिटभर सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये, मग सोडियम हायपोक्लोराइटमध्ये, पुन्हा अल्कोहोल, शेवटी निर्जंतुक पाण्यातून तीनदा काढा. पानाच्या बाहेर जे काही चिकटलेलं होतं ते मेलं. आता नखाएवढे तुकडे करून प्लेटमधल्या बटाट्याच्या अगरवर, म्हणजे बुरशी वाढवायच्या जेलीसारख्या खाद्यावर, ठेवा. लिटरला २०० ग्रॅम बटाटे आणि २० ग्रॅम डेक्स्ट्रोज. बटाटे मी लक्ष्मी मार्केटातून आणायचे. भाजीवाल्या मावशी म्हणायच्या, ''रोज बटाट्याचीच भाजी करता का वो?'' चार-पाच दिवसांनी तुकड्याच्या कापलेल्या कडेतून एक धागा बाहेर येतो. पांढरा, राखाडी, कधी गुलाबीसर. शेवटच्या धुण्याचं पाणी आम्ही वेगळ्या प्लेटवर ओतायचो. त्या प्लेटवर काही उगवलं, की धुणं नीट झालेलं नाही असं समजून अख्खा प्रयोग टाकून द्यायचा. तसं कितीतरी वेळा टाकलेलं आहे. जे नळीत गेलं ते या चाळणीतून गेलेलं होतं.

म्हणजे हिरव्यागार, काही रोग नसलेल्या पानाच्या आत ही बुरशी राहत असते. तिला 'एंडोफाइट' म्हणतात. हा शब्द जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ डी बारी यांनी १८६६ साली वापरात आणला. विभागातले आमचे सर मात्र 'भाडेकरू' म्हणायचे. ''पानाच्या आत जागा थोडी, खाणं मोजकं आणि दारात गर्दी,'' ते पोरांना सांगायचे, ''मग आधी शिरलेला भाडेकरू दुसऱ्याला आत येऊ देईल का?'' हा भाडेकरू दुसऱ्या बुरश्यांना आणि जिवाणूंना थोपवायला काही रसायनं सोडतो. त्यातलं एखादं आपल्या उपयोगाचं असू शकतं.

बुरशी म्हटलं की आपल्याला लोणच्यावरचा थर आठवतो, नाहीतर २०२१ च्या उन्हाळ्यातला म्युकर. पण पेनिसिलिन बुरशीचंच. आणि दवाखान्यात आपण सर्रास घेतो ते सेफ्ट्रायाक्झोनचं इंजेक्शन, त्याचंही मूळ बुरशीतच आहे. १९४५ साली इटलीच्या सार्डिनिया बेटावर ज्युसेप्पे ब्रोत्झू यांनी गटाराचं पाणी जिथे समुद्राला मिळतं तिथून एक बुरशी उचलली. सेफॅलोस्पोरिनचं सगळं घराणं तिच्यापासून निघालं. गटाराच्या तोंडाशी औषध मिळू शकतं, तर इथल्या नान्नजच्या वाटेवरच्या गावरानात, म्हणजे गावच्या मोकळ्या माळावर, बघायला काय हरकत आहे, असा सरांचा साधा हिशेब होता.

आणि आपलं गावरान काही साधं नाही. मे महिन्यात पारा ४३-४४ ला टेकतो, माती भाजून निघते, तरी तरवड हिरवी असते, हिंगणबेट उभं असतं, सराटा जमिनीला चिकटून तग धरतो. अमेरिकेत यलोस्टोनला गरम झऱ्यांच्या काठच्या तापल्या जमिनीत एक गवत उगवतं. त्याच्या आत एक बुरशी आणि त्या बुरशीच्या आत एक विषाणू राहतो. तिघं एकत्र असतील तरच गवत तो ताप सोसतं; यातल्या एकाला काढलं की सोसत नाही, असं २००७ साली तिथल्या संशोधकांनी दाखवून दिलं. आमच्या तरवडीच्या आत कोण आहे हे बघायला आम्ही नुसती सुरुवात केली होती.

आता माझं स्वतःचं.

२०१८ साली आमच्या सासूबाईंच्या पायाला जखम झाली. शुगर होती, जखम चिघळली. पू तपासायला दिला आणि कल्चरचा रिपोर्ट माझ्या हातात आला. असे रिपोर्ट कसे तयार होतात ते मी जन्मभर पाहिलेलं. प्लेटवर जिवाणू पसरायचे, वर औषधाच्या चकत्या ठेवायच्या, दुसऱ्या दिवशी चकतीभोवतीचं रिकामं कडं मोजायचं. आम्ही म्हणायचो, ''झोन आला.'' औषध लागू पडलं तर 'एस', नाही पडलं तर 'आर'. त्या कागदावर औषधांची उभी यादी होती आणि एकाखाली एक 'आर'. आर, आर, आर. तळाला कोलिस्टिनपुढे एक 'एस', आणि कोलिस्टिन मूत्रपिंडाला सोसणार नाही म्हणून डॉक्टर कचरत होते. शेवटी गुडघ्याखालून पाय काढावा लागला. पुढे दोन वर्षं त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून चटणीसाठी शेंगा फोडत असायच्या. मला म्हणायच्या, ''तुमच्या प्रयोगशाळेत एवढी भांडी घासतीस, त्यातून औषध निघंना व्हय?''

त्यांना काय सांगणार होते? २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे जगभरात थेट १२ लाख ७० हजार माणसं दगावली, असा अंदाज 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २०२२ साली छापला. आणि नव्या औषधांचं म्हणाल, तर आज वापरात असलेले अँटिबायोटिकचे जवळपास सगळे प्रकार १९८० च्या दशकापर्यंत सापडलेले आहेत. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल घेतानाच बजावलं होतं, की औषधाची मात्रा कमी पडली तर जिवाणू त्याला सरावतात.

सरावण्याची जागा फक्त दवाखाना नाही. सांगोल्याचा एक विद्यार्थी होता, त्यांच्या डाळिंबावर तेल्या पडला. तेल्या हा जिवाणूचा रोग. त्याचे वडील स्ट्रेप्टोसायक्लिनच्या पुड्या पाण्यात कालवून फवारायचे, सगळा तालुकाच फवारायचा. त्या पुडीत स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन, दोन्ही माणसाची औषधं. बागेतल्या मातीत रोज थोडं थोडं पडत गेलं तर काय होईल, हा प्रश्न त्या मुलाला आमच्याकडेच पडला. शेतीत ही औषधं बंद करण्याचा मसुदा केंद्र सरकारने २०२१ च्या डिसेंबरात काढला. तो मुलगा त्याआधीच डाळिंबाची निरोगी पानं पिशवीत घेऊन यायचा. म्हणायचा, ''मॅडम, झाडाच्या आतच तेल्याला मारणारं कोणीतरी असेल की.'' त्याच्या ९ नळ्या होत्या. त्या १८३ मध्ये गेल्या.

तक्रारी आता क्रमाने मांडते.

पहिली अशी, की कोणाला विचारलं नाही. विभागातल्या एकाही शिक्षकाला लेखी कळवलेलं नाही. फ्रीजच्या दारावर माझ्या अक्षरात चिठ्ठी होती : 'संग्रह. हलवू नये. विचारावे.' आत प्रत्येक नळीला नंबर होता आणि कपाटावर रजिस्टर होतं. दोन नोंदी इथे उतरवते. 'नंबर ४१. तरवड, देठ. हिप्परगा तलावाच्या वरच्या अंगाला. पाऊस होऊन ४ दिवस. बुरशी काळपट, बीजाणू नाहीत.' दुसरी : 'नंबर ११८. गुळवेल, खोड. कडुनिंबावर चढलेली. बाग. पिवळी, खालून प्लेट लाल होते. स्टॅफिलोकोकसवर झोन चांगला.' 'झोन चांगला' याचा अर्थ औषध सापडलं असा नाही, ते मला पक्कं ठाऊक आहे आणि पुढे त्यावर लिहिणारच आहे. पण ज्याला नाव, गाव, तारीख आहे त्याला कचरा म्हणत नाहीत. कपाटावरच्या झाडूला जेवढं विचारलं असेल तेवढंही रजिस्टरला विचारलं नाही.

दुसरी तक्रार खरं तर आपल्याच काळजीची आहे. नळ्या तशाच, जिवंत, घंटागाडीत टाकल्या. त्यांच्याबरोबर चाचणीसाठी ठेवलेले जिवाणूही गेले. त्यात स्टॅफिलोकोकस होता, स्यूडोमोनास होता. सूक्ष्मजीवांचा कचरा जागेवरच निर्जंतुक करूनच बाहेर काढायचा, हे २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत आहे आणि ते नियम शिक्षण संस्थांनाही लागू आहेत. माझ्या २९ वर्षांत एक प्लेट ऑटोक्लेव्ह न करता बाहेर गेली नाही. ज्या सफाई कामगाराने त्या नळ्या उचलल्या त्याच्या हातात मोजे नव्हते, असं त्यानेच मला सांगितलं. एक नळी फुटून त्याचा अंगठा कापला होता. सुदैवाने जखम भरली. ऑटोक्लेव्ह का लावला नाही? कारण तो बंद आहे. त्याची रबरी रिंग गेली आहे. त्या रिंगचा प्रस्ताव मी निवृत्तीच्या आधी दोनदा आणि माझ्यानंतर आलेल्या ताईंनी एकदा दिलेला आहे.

तिसरी तक्रार बागेची. तिच्यावर जरा जास्त लिहिते, कारण 'झाडं काय, पुन्हा लावू' असं मला सांगण्यात आलं.

पुन्हा लावता येतात, मान्य. पण पानातले हे भाडेकरू बहुतेक वेळा बियाण्यातून येत नाहीत. हवेतून, पावसातून, शेजारच्या झाडावरून येतात आणि एकेका पानात जमत जातात. एकाच जातीच्या दोन झाडांत वेगवेगळी वस्ती असते, उन्हाळ्यात एक आणि पावसाळ्यात दुसरी. नर्सरीतून आणलेलं रोप म्हणजे नव्याने बांधलेली रिकामी इमारत. आपली गुळवेल त्या कडुनिंबावर कित्येक वर्षं चढलेली होती. कडुनिंबावरची गुळवेल वैद्य लोक उगाच निवडून घेत नाहीत. तिच्यातली बुरशी कडुनिंबाच्या पानातल्या बुरशीशी जुळते का, हे बघायचं काम अर्धं झालं होतं. आता वेल नाही, कडुनिंब छाटून नुसता खांब उरलाय आणि नंबर ११८ ची नळीही नाही.

यातली खरी अडचण प्रयोगशाळेत राहिलेल्या माणसालाच कळते. बुरशी पुन्हापुन्हा नव्या प्लेटवर उतरवत गेलं की ती आपलं कसब विसरते. सह्याद्रीतलं नरक्याचं झाड आठवा. कर्करोगाच्या औषधांना लागणारं कॅम्प्टोथेसिन त्याच्यात असतं म्हणून त्याची चोरटी तोड झाली. २००५ साली भारतीय संशोधकांनी जाहीर केलं, की नरक्याच्या आतली एक बुरशीही कॅम्प्टोथेसिन बनवते. सगळ्यांना वाटलं, झाड वाचलं. पण अशा बुरशीला झाडाबाहेर काढून पिढ्यान्‌पिढ्या वाढवलं की उत्पादन घटत जातं, असं पुढे दिसून आलं. मग काय करायचं? परत मूळ झाडाकडे जायचं. म्हणून नळी आणि झाड दोन्ही हवीत. आपण एकाच आठवड्यात दोन्ही घालवलंत.

चौथी तक्रार निकषाची. मला असंही सांगितलं गेलं, की मॅडम, तुमच्या रजिस्टरात बहुतेक नळ्यांपुढे 'झोन नाही' असंच लिहिलंय, मग ठेवून उपयोग काय? प्रश्न वाजवी आहे, म्हणून उत्तर देते. बुरशीजवळ अशी रसायनं बनवणाऱ्या जनुकांचे पुष्कळ गट असतात आणि प्रयोगशाळेत, बटाट्याच्या रसावर आयतं खात असताना, त्यातले बहुतेक गप्प असतात. भांडण नाही तर शस्त्र कशाला काढेल? त्याच बुरशीला दुसऱ्या बुरशीशेजारी वाढवलं, मूळ झाडाच्या पानाचा अर्क घातला, की कधीकधी ती बोलायला लागते. 'झोन नाही' याचा अर्थ 'आम्ही विचारलेल्या एका प्रश्नाला उत्तर दिलं नाही' एवढाच. आमच्याकडे प्रश्न थोडे होते आणि वीज त्याहून थोडी.

पाचवी थोडक्यात, कारण तीत माझाही वाटा आहे. २०१६ साली आपल्याच संस्थेने स्थानिक वर्तमानपत्रात बातमी दिली होती, की महाविद्यालयाने पानातल्या बुरशीतून 'रामबाण औषध' शोधलं. फोटोत मी मागे उभी आहे, हातात प्लेट. सरांनी त्या दिवशी जेवण केलं नाही. कारण आम्ही औषध शोधलेलं नव्हतं, प्लेटवर कडं पाहिलं होतं. ज्या नळ्यांच्या जिवावर ती बातमी छापली, त्याच नळ्या आता 'बुरशी लागली' म्हणून गेल्या. मिरवायला रामबाण आणि ठेवायला घाण!

आता मूळ शंकेकडे येते. कोणी म्हणेल, बाई, एवढा आटापिटा करता, पण पानातल्या बुरशीतून औषध आलंय का? त्यावर खरं तेच सांगते. जिवाणूंवर चालणारं आणि आज मेडिकलमध्ये मिळणारं असं एक नाव मला दाखवता येणार नाही. जुनिपर नावाच्या झाडाच्या पानातल्या बुरशीत एक रेणू मिळाला, त्यात फेरफार करून 'इब्रेक्साफंजर्प' हे औषध झालं आणि २०२१ साली अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. ते बुरशीच्या संसर्गावरचं आहे. १९९३ साली अमेरिकेत यू वृक्षातल्या बुरशीत कर्करोगावरचं टॅक्सॉल मिळाल्याचा गाजावाजा झाला. त्यावर शंका घेणारेही बरेच निघाले. प्लेटवर कडं देणाऱ्या शंभर बुरश्यांतल्या बहुतेकींचं रसायन आधीच माहीत असलेलं निघतं, काहींचं माणसालाही मारतं. उरलेल्यांना पुढे न्यायला जी यंत्रं लागतात ती आपल्या महाविद्यालयात कधी येणार नाहीत, आणि ती यावीत असं मी म्हणतही नाही.

आपलं काम पहिल्या पायरीचं. गोळा करणं, शुद्ध करणं, नोंद करणं, टिकवणं. ही पायरी छोट्या गावातल्या छोट्या महाविद्यालयाला जमते, किंबहुना त्यालाच जमते, कारण करमाळ्याचं, मंगळवेढ्याचं, अक्कलकोटचं पान घेऊन येणारी पोरं आपल्याकडेच शिकतात. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये हॅमायसिन नावाचं औषध सापडलं. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळालं त्याचं शास्त्रीय नाव 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना'. पिंपरीचं नाव असं कायमचं शास्त्रात गेलं. सोलापूरचं जावं एवढी हाव मलाही होती, लपवत नाही.

टिकवण्यावरून एक गोष्ट सांगते. पेनिसिलिनची बुरशी फ्लेमिंगना १९२८ साली लंडनमध्ये दिसली. पुढे काही वर्षं कोणाला तिचं फारसं कौतुक नव्हतं. दहाएक वर्षांनी ऑक्सफर्डमध्ये अर्न्स्ट चेन या शास्त्रज्ञांना ती हवी झाली आणि शोधायला लागले, तर ती त्यांच्याच इमारतीत निघाली. फ्लेमिंगकडून आलेली ती बुरशी मिस कॅम्पबेल-रेन्टन नावाच्या प्रयोगशाळेतल्या बाई वर्षानुवर्षं जिवंत ठेवत होत्या. मग त्यांचे सहकारी नॉर्मन हीटली यांनी ती वाढवायला भांडी पुरेनात म्हणून दवाखान्यातली बेडपॅनसुद्धा वापरली. १९४५ चं नोबेल फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन यांना मिळालं. बाईंना नाही, हीटलींना नाही. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, आमच्याकडेही शालीवरच भागतं. पण त्या दहा वर्षांत ऑक्सफर्डमध्ये कोणी साफसफाई काढली असती तर?

अजून एक देणं आहे, ते आपण विसरलात तरी मला विसरता येत नाही. नान्नजच्या अलीकडच्या एका गावात मेंढरं राखणारे एक आजोबा आम्हाला झाडं दाखवायचे. कोणती मेंढरं खातात, कोणती खात नाहीत, कशाचा लेप जखमेवर लावतात, सगळं. मी पानं पिशवीत भरत होते तर म्हणाले, ''पानाच्या आत काय बघायलाव बाई? आत काय आसतंय?'' मी म्हटलं, बुरशी असते आजोबा, काय निघालं ते येऊन सांगू. जैवविविधता कायदा २००२ सालापासून आहे. त्याप्रमाणे गावागावांत जैवविविधता समिती असायला हवी आणि गावाची नोंदवही असायला हवी. आम्ही त्यांच्या गावरानातून जे नेलं त्याची नोंद त्यांच्या वहीत व्हायला हवी होती. ती आम्ही केली नाही. ही चूक विभागाची, म्हणजे माझीही. पण आता तिथे जाऊन काय सांगू? घंटागाडी आली होती म्हणून?

माझ्या मागण्या अशा आहेत.

उरलेल्या २१ नळ्या या महिन्यातच पुण्याला पाठवाव्यात. आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे. तिथे त्या थंडाव्यात, नंबरासह, नीट राहतील आणि पुढे कोणालाही अभ्यासाला मिळतील. नेऊन द्यायला मी स्वतः इंद्रायणीने जाते, तिकीट माझं.

बागेच्या जागेचा पश्चिमेकडचा तिसरा हिस्सा अजून पेव्हरखाली गेलेला नाही. तिथे शतावरी, अडुळसा, काटेकोरांटी आणि अश्वगंधेची चार झुडपं शिल्लक आहेत. ते काम आजच थांबवावं आणि कुंपण घालावं. त्या छाटलेल्या कडुनिंबाला कृपा करून हात लावू नये. तो फुटेल, आणि फुटला की त्याच्याखाली गुळवेल मी लावते.

ऑटोक्लेव्हची रिंग घ्यावी. आपण पेव्हर ब्लॉकचे दर मागवलेत त्या कागदाच्या मागच्या बाजूला तिचा दर बसेल. ज्या कामगाराचा अंगठा कापला त्याची तपासणी संस्थेच्या खर्चाने करावी आणि सफाईच्या कामाला मोजे द्यावेत.

जिवंत संग्रह, नमुने, हर्बेरियमची (वाळवून जपलेली) पानं यातलं काहीही काढायचं असेल तर विभागाला पंधरा दिवस आधी लेखी कळवावं, असा ठराव मंडळाने करावा. ठरावाची प्रत विभागाच्या दारावर लावावी. फ्रीजच्या दारावरची चिठ्ठी कोणी वाचत नाही हे आता कळलं.

ज्या ज्या गावांतून पानं आणली त्या गावांच्या समित्यांना रजिस्टरातल्या त्यांच्या नोंदींची प्रत द्यावी. गावं १४ आहेत. यादी सोबत जोडली आहे.

आणि कोणत्या नळ्या गेल्या त्याची यादी संस्थेने स्वतःच्या सही-शिक्क्यानिशी करावी. मला कोणाचा राजीनामा नको, चौकशी समितीही नको. गेलं ते गेलं असं लिहून द्यायला मात्र हवं. नाहीतर पाच वर्षांनी एखादा विद्यार्थी जुना शोधनिबंध वाचून नंबर ११८ शोधत येईल आणि त्याला वाटेल, हे लोक खोटंच लिहीत होते.

रजिस्टर माझ्याकडे सुरक्षित आहे. साफसफाईच्या दिवशी ते रद्दीच्या गठ्ठ्यात होतं, तिथून माझ्यानंतरच्या ताईंनी उचललं आणि मला आणून दिलं. ती संस्थेची वस्तू आहे, मी ठेवून घेणार नाही. येत्या सोमवारी सकाळी ११ वाजता कार्यालयात घेऊन येते. पानं १ ते १७६, मधलं एकही फाटलेलं नाही, पान ६२ वर बटाट्याच्या पाण्याचा डाग आहे. मोजून घ्यावं आणि पोच द्यावी.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहाय्यक
जुळे सोलापूर